दुपारी बंद पडणारी डबी

"बाईचा हात लागला ना, का मंग ते बंद पडतेच."

मोठी आई, म्हणजे माझी थोरली काकू, हे स्वयंपाकघरात माझ्या आईला म्हणाली. दूध नासलं हे सांगावं तितक्या सहज. मी बैठकीत टीव्हीच्या कपाटामागे गुडघे टेकून बसले होते आणि एक वायर काढून पुन्हा लावत होते. "असं कुठी असते काय," आई म्हणाली, पण ती भाकर थापत होती, त्यामुळे तिच्या बोलण्याला जोर नव्हता. ओसरीवर आत्याच्या शिलाई मशीनची टकटक चालू होती. ती थांबली. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाली, पण आधीपेक्षा हळू. त्यावरून मला कळलं की आत्यानंही ऐकलं आहे; मोठी आई तिलाच बाई म्हणते.

मी तेव्हाच कपाटामागून बाहेर यायला हवं होतं असं कुणी म्हणेल. पण घरात मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलायची मला सवय नाही. मी चिखलीच्या इंग्रजी शाळेत शिकले. शाळेत मराठी बोललं की टोकायचे, आणि घरी माझं मराठी ऐकून मोठे बाबा "पुण्याची मॅडम आली" म्हणायचे. दोन्हीकडून सुटायचा सोपा मार्ग म्हणजे गप्प बसणं. मी तो लहानपणीच शोधला होता.

जे बंद पडत होतं ती एक डबी होती. तिचं खरं नाव कम्प्युटर, पण आकार जेवणाच्या चपट्या डब्याएवढा, म्हणून घरात सगळे डबीच म्हणतात. बाबांच्या कृषी केंद्रात ती बरीच वर्षं बिलं छापायला होती. बियाण्याच्या आणि खताच्या धुळीत ती मंद होत गेली, मग नवीन मशीन आलं आणि डबी गोदामात एका रिकाम्या पोत्याखाली जाऊन पडली. कॉलेज संपवून मी गावी, उंद्रीला परत आले आणि घरूनच काम करायला लागले, तेव्हा बाबा ती भंगारात द्यायला निघाले होते. मी म्हटलं, मला द्या.

अशा म्हाताऱ्या कम्प्युटरकडून बिलं छापून घेणं जड जातं, पण त्यांच्याकडून एकच काम घेतलं तर ते नीट करतात. मी तिच्यातलं सगळं पुसलं, फुकट मिळणारी एक हलकी सिस्टीम टाकली आणि तिला टीव्हीच्या मागे बसवलं. आमच्या टीव्हीला इंटरनेट कळत नाही. पण डबी जोडल्यावर त्यावर पेनड्राइव्हमधली गाणी, कीर्तनं, जुने सिनेमे, मी उतरवून ठेवलेलं काहीही दिसायला लागलं. मोठ्या आकाराचे व्हिडिओ तिला झेपत नाहीत, चित्र अडखळतं आणि आवाज पुढे निघून जातो. ते मी आधी माझ्या लॅपटॉपवर लहान करून घेते. एकदा लहान केलं की डबी ते निमूटपणे दाखवते. तिला पंखाही नाही, त्यामुळे तिचा आवाज येत नाही. मला ती त्याचमुळे आवडली असावी.

घरातल्या लोकांनी चार दिवस कौतुक केलं आणि ते आपापल्या मालिकांकडे परत गेले. डबीला खरं माणूस मिळालं ते आत्या.

आत्या बाबांची आणि मोठ्या बाबांची थोरली बहीण. लग्न होऊन गेली आणि वर्षाच्या आत परत आली. तिचा नवरा विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला. बटण हिनं दाबलं, असं तिच्या सासरी बोललं गेलं. ती त्या दिवशी शेतात गेलीच नव्हती, हे आईनं मला एकदा भाजी निवडता निवडता सांगितलं. पण बोललेलं राहतं. मी लहानपणापासून पाहते आहे, आत्या कोणत्याही बटणाला आपणहून हात लावत नाही. "पोरी, पंखा लाव." "पोरी, त्या मिक्सरचं पाह्य बरं." तिच्या शिलाई मशीनला मोटर बसवून देतो म्हणून बाबा कितीदा म्हणाले. ती म्हणते, मले पायानंच बरं वाटते. गावातल्या अर्ध्या बायांची ब्लाउजं त्या पायांवर शिवली गेली आहेत.

तर अशा बाईला रिमोट कसा द्यायचा? मी दुकानातला बिलाचा जुना नंबरपॅड आणला. त्याच्यावर फक्त आकडे असतात. एक दाबला की कीर्तन, दोनला जुनी गाणी, तीनला शिवणकामाचे हिंदी व्हिडिओ आणि चारला मासोळ्या, असं बसवून दिलं. मासोळ्या मी गंमत म्हणून टाकल्या होत्या. समुद्राच्या आत कॅमेरा ठेवून घेतलेला दोन तासांचा व्हिडिओ, बोलणं नाही, गोष्ट नाही, नुसत्या रंगीत मासोळ्या येतात आणि जातात. आत्यानं पहिल्या दिवशी कीर्तन लावायला सांगितलं. मी नंबरपॅड तिच्या हातात दिला आणि बाजूला बसले. तिनं तो बराच वेळ मांडीवर धरला. मग बोट ठेवलं, आणि चुकून चार दाबला गेला.

त्या दिवसापासून दुपारची जेवणं झाली, भांडी झाली, की आत्या मासोळ्या लावायची. स्वतः लावायची. चारचा आकडा चष्म्याशिवाय दिसत नाही म्हणून तिनं त्या बटणावर शर्टाची एक गुंडी चिकटवली, बोटाला लागेल अशी. मोठी आई चिडवायची, "बाई, गळ्यात माळ घालता अन् मासोळ्या पाह्यता?"

"पाह्यते. खाते थोडीच."

"तोंडाले पाणी त सुटत नाही ना?"

"सुटलं त तुलेच सांगीन, तूच घेऊन येजो बाजारातून."

मोठी आई हसायची. तिचं आणि आत्याचं असं चालायचं. हे सांगते कारण पुढचं वाचून मोठी आई वाईट वाटेल, आणि ती तशी नाही. आत्याला ताप आला की रात्री उठून पाहणारी तीच असते. पण तिच्या मुलीचं, म्हणजे माझ्या चुलत बहिणीचं, लग्न ठरलं होतं. मी तिला ताई म्हणते. लग्न महिन्याभरावर आलं होतं, आणि लग्नघरात बायकांना कशाकशाची भीती वाटायला लागते ते मी तेव्हा पाहिलं.

डबी बंद पडायला लागली ती एप्रिलमध्ये. आत्या मासोळ्या लावायची, एक तास नीट चालायचं आणि मग पडदा काळा. मोठे बाबा संध्याकाळी चार गाणी ऐकायचे तेव्हा काही व्हायचं नाही. शेजारची पोरं आली, त्यांनी कार्टून पाहिलं, काही झालं नाही. दुसऱ्या दुपारी आत्या बसली की पुन्हा काळा. मी पहिल्यांदा चार्जर बदलला. मग सिस्टीम नव्यानं टाकली. मासोळ्यांचा व्हिडिओ अजून लहान केला, इतका की मासोळ्यांचे कल्ले पुसट झाले. तरी तेच. आत्या आधी हसायची, "म्हातारी झाली ते, माह्यासारखी." मग हसेनाशी झाली. आणि त्यानंतर ते वाक्य आलं, जे आम्ही दोघींनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली तरी आत्या टीव्हीसमोर आली नाही. नंबरपॅड तिनं टीव्हीवर ठेवून दिला होता. मी विचारलं, "आत्या, मासोळ्या?"

"नको वं. डोये दुखतात."

त्याच संध्याकाळी ती मोठ्या आईला म्हणाली, "पोरीच्या शालूवरचं ब्लाउज तू चिखलीले टाकून दे. आता नव्या फॅशनचं मले जमत नाही." मोठ्या आईनं खाली पाहिलं आणि म्हणाली, "पाहू." ताईच्या बारशाचं झबलं आत्यानं शिवलं होतं. शाळेचे ड्रेस, कॉलेजचे पंजाबी, साक्षगंधाचं म्हणजे साखरपुड्याचं ब्लाउज, सगळं आत्याचं. शालूवरच्या ब्लाउजचं कापड दोन महिन्यांपासून तिच्या मशीनच्या खणात होतं. ती नाही म्हणते आणि मोठी आई आग्रह करत नाही, हे दोन्ही मी एकाच क्षणी पाहिलं. कुणीच काही उघड बोललं नव्हतं, आणि बोलल्याशिवायच सगळं ठरून गेलं होतं.

मी डबीचं कारण शोधायला बसले ते मग हट्टानं. दुपारच्या त्याच वेळेला मी स्वतः मासोळ्या लावल्या आणि लॅपटॉपवरून डबीच्या आतलं तापमान पाहत राहिले. आकडा चढत गेला. थांबेचना. मी उठून डबीला हात लावायला गेले, आणि हात तिला लागायच्या आधी कापडाला लागला.

आमच्या घरात उघडं असं काही नसतं. मिक्सरला कव्हर आहे, फ्रिजच्या दांडीला कव्हर आहे, टीव्हीला झालरीचं कव्हर आहे, शिलाई मशीनला तर दोन आहेत, एक रोजचं आणि एक पाहुण्यांसाठी. वस्तू घरची झाली की तिला कव्हर येतं. डबीलाही आलं होतं. माझ्या शाळेच्या निळ्या चौकडीच्या स्कर्टचं, लाल पायपिंग लावलेलं, मागे वायरींसाठी मापात कापलेली फट ठेवलेली. आत अस्तर होतं, आणि अस्तराच्या आत धूळ जाऊ नये म्हणून पातळ फोम. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. माझं भंगार घरात घेतलं गेलं, असं. मी त्याच्याकडे इतक्या वेळा कौतुकानं पाहिलं होतं की मला ते दिसायचं बंद झालं होतं.

कव्हर उचललं तर डबीचं झाकण तव्यासारखं तापलेलं. जिला पंखा नसतो तिची उष्णता त्या झाकणातूनच बाहेर पडते. एप्रिलची दुपार, दोन तासांचा व्हिडिओ आणि वर फोमचं अस्तर. जीव वाचवायला ती स्वतःच बंद होत होती. संध्याकाळी चार गाण्यांनी ती तितकी तापतच नव्हती.

मी कव्हर हातात धरून उभी राहिले. ओसरीवर मशीन चालू होतं. जाऊन सांगायचं होतं की आत्या, सापडलं. पण काय सापडलं ते मनात जुळवून पाहिलं आणि मी तिथेच थांबले. तुझ्या हाताचं काही नाही, तू शिवलेल्या कव्हरमुळे ते बंद पडतं. आत्या ह्यातलं कुठलं अर्धं ऐकेल? जे तिनं आयुष्यभर ऐकलं होतं, तेच. शेवटी हात माहाच ना, असं ती म्हणेल, आणि तिला खोटं पाडायला माझ्याकडे काही नाही.

म्हणून मी मला जमतं ते केलं. कव्हर धुवायच्या कपड्यांत टाकलं आणि गप्प बसले. वाटलं, डबी चालेल, आत्या हळूहळू परत येईल, कुणाला काही सांगायची वेळच येणार नाही.

रविवारी ताईच्या साक्षगंधाचं शूटिंग पेनड्राइव्हवर आलं. मी ते डबीला झेपेल असं लहान केलं आणि जेवणानंतर सगळे बैठकीत जमले. मोठे बाबा आणि बाबा दिवाणावर, आई आणि मोठी आई खाली सतरंजीवर भिंतीला टेकून. मी दाराजवळ. ताई मैत्रिणींना पत्रिका द्यायला गेली होती. आत्या ओसरीवर चौकटीपलीकडे गहू निवडत बसली होती. तिथून तिला टीव्ही दिसत होता, पण ती आत आली नाही. बोलावलं तर म्हणाली, "चालू द्या, मले दिसते."

व्हिडिओ लांबलचक होता. मोठे बाबा प्रत्येक पाहुण्यावर काहीतरी बोलत होते. "हा पाह्य, जेवायच्या पंगतीत दोनदा बसला हा." आई हसून म्हणाली, "तुमी मोजून राह्यले होते काय?" मी पडद्यावर आत्याला शोधत होते. सगळ्या वेळात ती एकदा दिसली, खुर्च्यांच्या मागून पत्रावळींचा गठ्ठा घेऊन जाताना. फुलं, नारळ, ओटी चालू होती तिथे ती नव्हती, पण सगळ्यांच्या मध्ये बसलेल्या ताईच्या अंगावर तिनं शिवलेलं ब्लाउज होतं.

तासावर तास गेला. डबी चालत राहिली. एकदाही अडखळली नाही. मला मनातून आनंद होत होता, आणि तेवढ्यात मोठी आई पदरानं वारा घेत म्हणाली, "पाह्यलं? आज कशी चालली. आज नाही बंद पडली."

पुढचं ती बोलली नाही. बोलायची गरजच नव्हती. आईनं तिच्याकडे पाहिलं आणि मग चौकटीकडे. ओसरीवर सुपातले गहू पाखडण्याचा आवाज थांबला.

तेव्हा मला कळलं मी काय करून बसले होते. आत्यानं हात लावणं बंद केलं आणि डबी चालू लागली, सगळ्यांना दिसलं ते एवढंच. जे इतके दिवस नुसतं बोलणं होतं, त्याला मी गुपचूप पुरावा करून दिला होता. आत्या उठली. सूप भिंतीला टेकवलं, पदरावरचा कोंडा झटकला आणि मशीनचा खण उघडला. शालूवरच्या ब्लाउजचं कापड बाहेर काढून तिनं ते घडी मोडू न देता पिशवीत घातलं. ती पिशवी आणून ती मोठ्या आईला देणार, आत्ता, सगळ्यांसमोर, हसत, आणि मग हे कायमचं होऊन जाणार.

मला भाषण करता आलं असतं तर मी केलं असतं. उष्णता, अस्तर, झाकण, सगळं मराठीत मनात जुळवायला लागले आणि वाक्यं नेहमीसारखी अर्धी इंग्रजीत यायला लागली. म्हणून मी उठले. दिवाणावरून मोठ्या बाबांच्या पाठीमागची उशी ओढली, कपाटाशी गेले आणि उशी डबीवर ठेवली. नीट ठेवली, चारी बाजूंनी दाबून.

"काय करून राह्यली बे ही?" मोठे बाबा म्हणाले.

मी वळले. कपाटाला पाठ लावून उभी राहिले.

"कम्प्युटरले झोप आली काय?" मोठ्या बाबांनी पुन्हा विचारलं.

"माही उशी घेतली तिनं," ते बाबांना म्हणाले. "आता गोधडी बी टाक म्हणा त्याच्यावर."

"थांबा जरा," बाबा म्हणाले. ते माझ्याकडे पाहत होते. मी अशी सगळ्यांसमोर मध्येच उठून उभी राहत नाही, हे त्यांना माहीत होतं.

पडद्यावर ओटी भरणं चालू होतं. आत्या पिशवी घेऊन चौकटीत आली आणि मला तिथे उभी पाहून थांबली. मी तिला हातानंच म्हटलं, तिथेच राहा. तिला वाटलं तिच्यामुळे कुणाला दिसत नाही, म्हणून ती एक पाऊल मागे सरकली. मोठी आई म्हणाली, "अवं, सरक ना बाजूले, पाहू दे." मी सरकले नाही. सगळे टीव्ही सोडून मला पाहत होते, आणि ही गोष्ट मला आयुष्यात सगळ्यात नकोशी वाटते. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. ताईचे एक मामेसासरे भाषण करायला उभे राहिले, त्यांनी हातात माईक घेतला, तोंड उघडलं आणि पडदा काळा झाला.

वरचा पंखा फिरत होता, म्हणजे लाइट गेली नव्हती.

"काय झालं?" मोठी आई म्हणाली, आणि तिची नजर आपोआप चौकटीकडे गेली. आत्याचीही नजर आपल्या हातांकडे गेली. दोन्ही हात पिशवीला धरलेले होते, टीव्हीपासून दहा पावलं लांब.

मी उशी काढली. मोठे बाबा उठून आले, डबीवर बोट ठेवलं आणि झटकन मागे घेतलं. "अबे, इस्तरी झाली ही त," ते म्हणाले. मग त्यांनी उशी हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिली, जशी काही चूक तिचीच होती. आई मान खाली घालून हसू लपवत होती. मोठी आई मात्र हसत नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती, आणि तिच्या तोंडावर राग नव्हता. कुणीतरी आता काहीतरी सांगावं, म्हणजे आपल्याला ती भीती धरून बसावं लागणार नाही, असं काहीतरी होतं.

माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला.

"आत्या जागची हलली नाही, मोठी आई. उशी मी ठेवली. आधी कव्हर होतं, आज उशी. झाकलं की ते तापतं आणि बंद पडतं, कोणीही झाकलं तरी. ती पिशवी घेऊ नकोस. ताईचं ब्लाउज आत्याच शिवेल."